विषबाधेवर उतारा म्हणून एन्झाइम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीटकनाशकं, नर्व्ह एजंट (मज्जासंस्थेवर हल्ला करणारी युद्धातली विषं), सायनाइड, किंवा रक्तात साचून राहिलेलं एखादं औषध. अशा विषांना रक्तातच गाठून निकामी करणाऱ्या एन्झाइमांच्या (विकरांच्या) बातम्या अधूनमधून येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, आता उतारा हाताशी आलाच. यातली मोजकी एन्झाइमं खरोखर औषधं झाली आहेत, बरीचशी प्रयोगशाळेतच अडकली आहेत. का अडकली, याचं उत्तर बहुतेक वेळा साध्या गणितात सापडतं. म्हणून या पानावर गणित जरा जास्त आहे.

कुणाला आत्ता विषबाधा झाली असेल तर?

हे पान बंद करा आणि आपत्कालीन सेवेला फोन लावा. रुग्णाला विषाच्या जागेपासून दूर, मोकळ्या हवेत न्या. विष अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवा आणि त्वचा साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. हे करताना स्वतःच्या हातात हातमोजे हवेत, कारण भिजलेल्या कपड्यांमधून मदत करणाऱ्यालाही विषबाधा होते. उलटी करवू नका. बाटली किंवा वेष्टन बरोबर न्या, त्यावरचं नाव डॉक्टरांचा बराच वेळ वाचवतं. विष चुकून गेलं की मुद्दाम घेतलं, याने उपचार बदलत नाहीत. मुद्दाम घेतलं असेल तर जीव वाचल्यानंतर मानसोपचाराची मदतही तितकीच गरजेची असते.

एन्झाइम विषाचं नेमकं काय करतं?

नेहमीचे बरेच उतारे विषाला हातच लावत नाहीत. ते विषाचा परिणाम झाकतात किंवा बिघडलेली यंत्रणा दुरुस्त करू पाहतात. एन्झाइम थेट विषाच्या रेणूवर काम करतं, आणि तेही विष मेंदूपर्यंत, स्नायूंपर्यंत पोचण्याआधी.

याच्या दोन पद्धती आहेत. एका प्रकारचं एन्झाइम विषाच्या रेणूला कायमचं चिकटतं आणि त्याच्यासह स्वतःही निकामी होतं. दुसऱ्या प्रकारचं विषाचा रेणू तोडतं, तुकडे सोडून देतं आणि पुढच्या रेणूकडे वळतं. पहिलं उंदराच्या पिंजऱ्यासारखं: एक उंदीर अडकला की पिंजरा भरला. दुसरं मांजरासारखं. या क्षेत्रातली जवळजवळ सगळी धडपड पिंजऱ्याकडून मांजराकडे जाण्याची आहे.

चर्चा नेहमी ऑर्गनोफॉस्फेट विषांभोवतीच का असते?

कारण ती विषं स्वतःच एका एन्झाइमवर हल्ला करतात. मज्जातंतू स्नायूला संदेश देतो तेव्हा अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडतो. संदेश पोचला की अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम ते रसायन क्षणार्धात तोडतं आणि स्नायू पुन्हा मोकळा होतो. ऑर्गनोफॉस्फेट या एन्झाइमच्या मर्मस्थानी, तिथल्या सेरीन या अमिनो आम्लावर जाऊन बसतं. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं आणि संदेश थांबतच नाही. लाळ, अश्रू, घाम, जुलाब, उलट्या, आकसलेल्या बाहुल्या, फुप्फुसांत भरणारा स्राव, फडफडणारे आणि मग लुळे पडणारे स्नायू, झटके. मृत्यू येतो तो बहुधा श्वास बंद पडून.

शेतातली कितीतरी कीटकनाशकं आणि युद्धातले नर्व्ह एजंट एकाच कुळातले आहेत, हा योगायोग नाही. गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकं शोधत असतानाच त्याच्या हाती १९३६ मध्ये टाबून आणि १९३८ मध्ये सरीन लागलं.

आज रुग्णालयात काय देतात? तिथे एन्झाइम असतं का?

एन्झाइम नसतं. अ‍ॅट्रोपीन असतं आणि जीव प्रामुख्याने तेच वाचवतं. ते अ‍ॅसिटिलकोलिनच्या एका प्रकारच्या ग्राहींवर आड येऊन बसतं, त्यामुळे फुप्फुसांतला स्राव आटतो आणि मंदावलेलं हृदय सावरतं. मात्रा किती, हे पुस्तकातून नव्हे तर रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठरतं: फुप्फुसं कोरडी होईपर्यंत दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जातात. पण स्नायूंवरच्या ग्राहींवर अ‍ॅट्रोपीनचा उपयोग नाही. त्यामुळे श्वासाचे स्नायू लुळे पडले तर व्हेंटिलेटर लागतो. झटक्यांसाठी डायझेपाम किंवा मिडॅझोलाम देतात.

याशिवाय प्रॅलिडॉक्सिमसारखी ऑक्सिम गटातली औषधं आहेत. ती एन्झाइमवर बसलेलं विष उपटून काढतात. मात्र विष बसल्यावर काही काळाने त्याचा एक तुकडा गळून पडतो आणि उरलेला भाग असा घट्ट होतो की ऑक्सिमलाही तो हलवता येत नाही. याला 'एजिंग' म्हणतात. सोमान या नर्व्ह एजंटच्या बाबतीत निम्मी एन्झाइमं साधारण दोन मिनिटांत अशी कायमची जातात. डायमिथिल गटातल्या कीटकनाशकांना त्यासाठी सुमारे पावणेचार तास लागतात, डायइथिल गटातल्यांना दीड दिवसाच्या आसपास. कीटकनाशकांच्या विषबाधेत ऑक्सिमचा फायदा किती, यावर डॉक्टरांत आजही एकमत नाही. २००६ मधल्या एका चाचणीत मोठी मात्रा सतत दिल्याने फायदा दिसला, २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत दिसला नाही. विषाला बसण्याआधीच अडवण्याची कल्पना इतकी आकर्षक का वाटते, ते यावरून कळावं.

ब्युटिरिलकोलिनएस्टरेज म्हणजे काय? ते तर आपल्या रक्तातच असतं ना?

हो. अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजचं हे सख्खं भावंड यकृतात तयार होतं आणि रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, फिरत राहतं. त्याचं रोजचं काम काय, याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही. जन्मतः ते नसलेली माणसं निरोगी आयुष्य जगतात. त्यांची अडचण होते ती शस्त्रक्रियेच्या वेळी, कारण भूल देताना वापरलं जाणारं सक्सिनिलकोलिन हे औषध तोडण्याचं काम हेच एन्झाइम करतं. ते नसेल तर काही मिनिटांचा स्नायूंचा लुळेपणा कित्येक तास टिकतो.

ऑर्गनोफॉस्फेट रक्तात शिरलं की या एन्झाइमलाही चिकटतं, आणि जितकं चिकटेल तितकं मेंदूकडे जायचं कमी होतं. मग बाहेरून जास्तीचं दिलं तर? १९८७ मध्ये उंदरांना अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज आधीच टोचून त्यांचा ऑर्गनोफॉस्फेटपासून बचाव करता येतो असं दिसलं. पुढे मानवी ब्युटिरिलकोलिनएस्टरेज आधी दिलेली माकडं सोमानच्या प्राणघातक मात्रेच्या काही पट मात्रेतूनही वाचली. तीही झटके न येता. नुसत्या अ‍ॅट्रोपीन-ऑक्सिमवर वाचलेले प्राणी बऱ्याचदा मेंदूची हानी घेऊन वाचतात, म्हणून हा फरक मोठा आहे.

मग अडलं कुठे?

वजनात. हे पिंजरा जातीचं एन्झाइम आहे. विषाच्या एका रेणूला एन्झाइमचं एक मर्मस्थान लागतं. सरीनचा रेणुभार १४०, तर या एन्झाइमच्या एका घटकाचा सुमारे ८५,०००. म्हणजे वजनाने सहाशे पट एन्झाइम हवं. नर्व्ह एजंट मिलिग्रॅममध्ये मारतात, म्हणून तिथे हे गणित जेमतेम जमतं: प्रौढ माणसासाठी साधारण २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून थोडी जास्त मात्रा पुरेल असा अंदाज आहे.

कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाचं गणित वेगळं. पॅराथिऑनचं शरीरात जे सक्रिय रूप होतं, त्या पॅराऑक्सॉनचा रेणुभार २७५. तिथे तीनशे पट एन्झाइम लागेल. एक ग्रॅम विष रक्तात आलं तर ३०० ग्रॅम शुद्ध एन्झाइम! माणसाच्या सगळ्या रक्तद्रवात ते असतं जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम. जगात ऑर्गनोफॉस्फेटने मरणारी माणसं प्रामुख्याने कीटकनाशकांनी मरतात, नर्व्ह एजंटने नव्हे. आणि संशोधनाचा पैसा मात्र लष्करी गरजेतून आला. ज्यांच्यासाठी गणित जमतं त्यांच्यासाठी औषध बनवायला घेतलं गेलं आणि ज्यांना त्याची रोज गरज आहे ते बाजूला राहिले, असं माझं स्पष्ट मत आहे.

दात्यांचा प्लाझ्मा चढवून काम भागणार नाही का?

हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. एक लिटर प्लाझ्मात हे एन्झाइम सुमारे ५ मिलिग्रॅम असतं. २०० मिलिग्रॅमसाठी ४० लिटर प्लाझ्मा लागेल, आणि माणसाच्या अंगात तो असतो तीन लिटर. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ऑर्गनोफॉस्फेटच्या रुग्णांना ताजा गोठवलेला प्लाझ्मा, अल्ब्युमिन किंवा नुसतं सलाइन देऊन तुलना केली गेली. प्लाझ्माने एन्झाइमची पातळी थोडी वाढली, रुग्णांना मात्र ठोस फायदा झाला नाही.

बकरीच्या दुधातून किंवा तंबाखूच्या झाडातून हे एन्झाइम काढतात म्हणे?

काढून दाखवलं आहे. २००७ मध्ये जनुकबदल केलेल्या बकऱ्यांच्या दुधात मानवी ब्युटिरिलकोलिनएस्टरेज मोठ्या प्रमाणात तयार झाल्याचं प्रसिद्ध झालं. तंबाखूच्या कुळातल्या वनस्पतींमध्येही ते तयार होतं. विषाला पकडण्यात ते अस्सल एन्झाइमच्या तोडीचं ठरलं, पण टिकण्यात कमी पडलं.

माणसाच्या रक्तातलं एन्झाइम चार घटकांच्या जुडीत असतं आणि त्यावर शर्करांच्या विशिष्ट साखळ्या असतात. त्यामुळे त्याचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ११-१२ दिवसांचा असतो. बकरी किंवा झाड ही सजावट जशीच्या तशी करत नाही, आणि असं एन्झाइम रक्तातून फार लवकर बाहेर फेकलं जातं. त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण चढवून मुक्काम वाढवता येतो. एवढं करूनही बकरीच्या दुधातल्या त्या एन्झाइमचं मंजुरी मिळालेलं औषध झालं नाही.

विष तोडणारं एन्झाइम कुठे सापडलं?

भातशेतीच्या चिखलात. १९७३ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एन. सेतुनाथन आणि टी. योशिदा यांनी डायझिनॉन मारलेल्या खाचरांतून एक जिवाणू वेगळा केला. तो डायझिनॉन आणि पॅराथिऑन दोन्ही तोडत होता. पुढे अशाच एका वेगळ्या जिवाणूतही तेच एन्झाइम मिळालं. आज ते फॉस्फोट्रायएस्टरेज या नावाने ओळखलं जातं.

ही कीटकनाशकं वापरात येऊन तेव्हा जेमतेम पाव शतक झालं होतं. इतक्या थोड्या काळात जिवाणूंनी नवं एन्झाइम कुठून आणलं? सर्वमान्य समजूत अशी की लॅक्टोन नावाची संयुगं तोडणाऱ्या जुन्या एन्झाइमात थोडे बदल होऊन ते घडलं. शिवाय त्याचं जनुक प्लाझमिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर होतं. मला हा या विषयातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो.

या एन्झाइमच्या मर्मस्थानी जस्ताचे दोन अणू असतात. ते पाण्याचा रेणू असा धरतात की तो विषातल्या फॉस्फरसवर आदळतो आणि बंध तुटतो. पॅराऑक्सॉनचे हजारो रेणू एकच एन्झाइम दर सेकंदाला तोडतं.

सेकंदाला हजारो! मग चिमूटभर पुरेल की?

इथेच बातम्या फसतात. हजारोंचा आकडा एन्झाइमभोवती विषाची रेलचेल असतानाचा आहे. रक्तात विष फार विरळ असतं. तिथे एन्झाइमचा बराच वेळ पुढचा रेणू भेटण्यातच जातो. म्हणून संशोधक कमाल वेगाकडे कमी आणि विरळ द्रावणातल्या कार्यक्षमतेकडे जास्त पाहतात. शिवाय शर्यत लागलेली असते. विषाने मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज गाठण्याआधी, म्हणजे रक्ताच्या एकदोन फेऱ्यांतच, बहुतेक विष तुटायला हवं. विष उशिरा तुटलं तर रुग्णाला त्याचा फारसा उपयोग नाही.

दुसरी गोम हाताची. उजवा आणि डावा हात सारखे दिसले तरी एकमेकांवर बसत नाहीत, तसे नर्व्ह एजंटच्या रेणूंचे आरशातल्या प्रतिमेसारखे प्रकार असतात आणि त्यातला एक बराच जास्त विषारी असतो. निसर्गातलं फॉस्फोट्रायएस्टरेज नेमका कमी विषारी प्रकार आधी तोडतं. व्हीएक्स या नर्व्ह एजंटवर तर ते फारच मंद आहे. मर्मस्थानाजवळची अमिनो आम्लं बदलून ही आवड उलटी करण्यात संशोधकांना चांगलं यश आलं आहे. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या फ्रँक राउशेल यांच्या गटाचं आणि इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या डॅन तौफिक यांच्या गटाचं काम यात महत्त्वाचं आहे.

माणसाकडे स्वतःचं असं विष तोडणारं एन्झाइम नाही का?

आहे, पॅराऑक्सोनेज-१. रक्तातल्या एचडीएल कणांवर ते बसलेलं असतं आणि त्याला कॅल्शियम लागतं. याचंही मूळ काम लॅक्टोन तोडण्याचं दिसतं, विष तोडणं हा जोडधंदा. म्हणून वेग बेताचा. माणसामाणसांत त्याचं प्रमाण आणि प्रकार खूप बदलतो, आणि नवजात बाळांत ते बरंच कमी असतं. त्याला सुधारून वेगवान करण्याचं काम चालू आहे. मानवी प्रथिन असल्याने शरीर ते परकं मानण्याची शक्यता कमी, ही त्याची जमेची बाजू.

ब्युटिरिलकोलिनएस्टरेजलाच विष तोडायला शिकवायचा प्रयत्नही १९९०च्या दशकात झाला. ११७ क्रमांकाच्या जागी ग्लायसीनऐवजी हिस्टिडीन बसवल्यावर ते खरोखर विष तोडू लागलं, म्हणजे पिंजऱ्याचं मांजर झालं, पण फार आळशी.

जिवाणूचं प्रथिन माणसाला टोचणं सुरक्षित आहे का?

एकदा दिलं तर बहुधा चालून जातं. पुन्हा द्यायची वेळ आली की प्रतिकारशक्ती ते ओळखते. कधी अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येते, कधी प्रतिपिंडं एन्झाइमला काम करण्याआधीच हटवतात. आवरण चढवणं हा उपाय, पण तोही रामबाण नाही: संधिवाताच्या एका प्रकारात दिल्या जाणाऱ्या पेग्लोटिकेज या एन्झाइमच्या बाबतीत अनेक रुग्णांत पॉलिइथिलीन ग्लायकॉलविरुद्धच प्रतिपिंडं तयार झाली आणि औषध निकामी ठरलं. एन्झाइम लायपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत) किंवा तांबड्या पेशींच्या पोटात लपवून द्यायचे प्रयोगही झाले आहेत. विष आत शिरू शकतं, प्रतिपिंडं शिरू शकत नाहीत, अशी त्यामागची कल्पना.

एकही एन्झाइम प्रत्यक्ष उतारा म्हणून वापरात नाही का?

आहे, आणि गंमत म्हणजे ते नर्व्ह एजंटवरचं नाही. ग्लुकार्पिडेज. ते कर्करोगावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा उतारा आहे.

हाडांचा कर्करोग, ल्युकेमिया, लिम्फोमा यांत मेथोट्रेक्सेटच्या प्रचंड मात्रा देतात आणि ठरावीक वेळाने ल्युकोव्होरिन देऊन निरोगी पेशी वाचवतात. हे सगळं मूत्रपिंडांच्या भरवशावर चालतं. कधी औषधाचे स्फटिक मूत्रपिंडातच अडकतात, मूत्रपिंडं मंदावतात, औषध बाहेर पडत नाही, साचलेलं औषध मूत्रपिंडांना आणखी बिघडवतं. डायलिसिसने पातळी खाली येते आणि ऊतींमधलं औषध रक्तात परतल्यावर पुन्हा चढते.

ग्लुकार्पिडेज हे मुळात जिवाणूचं एन्झाइम. ते मेथोट्रेक्सेटच्या टोकाचं ग्लुटामेट छाटतं. किलोमागे ५० युनिट, शिरेतून पाच मिनिटांत, बहुधा एकदाच. पंधरा मिनिटांत रक्तातली पातळी ९७ टक्क्यांहून जास्त उतरते. मूत्रपिंडांची गरजच उरत नाही, तुकडे यकृतामार्फत मार्गी लागतात. अमेरिकेत जानेवारी २०१२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

वापरताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि त्या कुठल्याही एन्झाइम-उताऱ्याबद्दल बरंच शिकवतात. एक, एन्झाइम मोठं असल्याने पेशीत शिरत नाही. पेशीतलं मेथोट्रेक्सेट तसंच राहतं, म्हणून ल्युकोव्होरिन बंद करायचं नाही. दोन, ल्युकोव्होरिनचा रेणू मेथोट्रेक्सेटसारखाच दिसतो, त्यामुळे एन्झाइम त्यालाही छाटतं. दोन्हींमध्ये आधी आणि नंतर दोन-दोन तासांचं अंतर हवं. तीन, नेहमीची प्रतिपिंडांवर चालणारी रक्तचाचणी उरलेल्या तुकड्यालाच मेथोट्रेक्सेट समजते आणि पुढचे ४८ तास आकडा खोटाच जास्त दाखवते. या काळात क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे रेणू वेगवेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीवरच विश्वास ठेवावा लागतो.

रासबुरिकेज हे दुसरं उदाहरण. कर्करोगाच्या पेशी एकदम मोठ्या संख्येने मरतात तेव्हा उसळणारं युरिक आम्ल ते तोडतं, आणि अमेरिकेत ते २००२ पासून आहे. हे एन्झाइम माणसाच्या पूर्वजांनी उत्क्रांतीत गमावलं. जी६पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना मात्र ते देत नाहीत, कारण विघटनात तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांच्या तांबड्या पेशी फोडतं. रक्ताचा नमुनाही बर्फात ठेवून पाठवायचा, नाहीतर एन्झाइम नळीतसुद्धा काम करत राहतं.

ही औषधं यशस्वी का झाली? विष एकच आणि ओळखीचं, रुग्ण आधीच रुग्णालयात, वेळ मिनिटांचा नव्हे तर तासांचा. ऑर्गनोफॉस्फेटच्या बाबतीत यातलं एकही बहुधा नसतं.

सायनाइडवर एन्झाइम चालतं का?

शरीरातलंच चालतं. सायनाइडला कमी घातक थायोसायनेटमध्ये बदलणारं ऱ्होडनेज यकृतात भरपूर असतं. त्याला लागणारं गंधक तुटपुंजं असतं. सोडियम थायोसल्फेट हा जुना उतारा तेच गंधक पुरवतो. पण थायोसल्फेट मायटोकाँड्रियात हळूहळू शिरतं, म्हणून एकट्याने वेळ साधत नाही. सायनाइडला थेट बांधून टाकणारं हायड्रॉक्सोकोबालामिन हे ब१२ जीवनसत्त्वाचं रूप त्यासाठी आज जास्त पसंत केलं जातं. ऱ्होडनेजच बाहेरून देण्याचे प्रयोग प्राण्यांपुरते राहिले.

शिसं, आर्सेनिक, कार्बन मोनॉक्साइड यांच्यावर?

एन्झाइमला तोडायला बंध लागतो. शिसं हे मूलद्रव्य आहे, ते तोडून काय मिळणार? तिथे धातूला बांधून लघवीवाटे नेणारी औषधं लागतात. कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन.

एन्झाइम कधी विष वाढवतं का?

हो, आणि हे विसरता कामा नये. मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नाही. यकृतातलं एन्झाइम त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं, आणि डोळे जातात ते त्या आम्लाने. म्हणून तिथे उतारा एन्झाइमला रोखणारा असतो, फोमेपिझोल. पॅराथिऑनचंही तसंच. त्याचं घातक पॅराऑक्सॉन होतं ते यकृतातल्या एन्झाइमांमुळे. त्यातून काही कीटकनाशकं चरबीत मुरतात आणि दिवसेंदिवस रक्तात झिरपत राहतात. अशा रुग्णाला सकाळी दिलेलं एन्झाइम संध्याकाळपर्यंत संपलं तर विष पुन्हा डोकं वर काढेल.

बाजारात मिळणाऱ्या 'डिटॉक्स एन्झाइम'च्या गोळ्या उपयोगी आहेत का?

नाहीत. एन्झाइम म्हणजे प्रथिन. गिळलं की जठर त्याचं इतर प्रथिनांसारखंच पचन करतं. वर सांगितलेली सगळी औषधं शिरेतून दिली जातात ती त्यामुळेच.

सैनिकांना आधीच देतात त्या गोळ्या मग कसल्या?

पायरिडोस्टिग्मिन. ते एन्झाइम नाही. शरीरातलं थोडं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज ते तात्पुरतं झाकून ठेवतं, म्हणजे सोमानला ते सापडत नाही आणि नंतर ते मोकळं होतं. १९९१च्या आखाती युद्धात ते दिलं गेलं आणि २००३ मध्ये अमेरिकेत सोमानपुरती मंजुरी मिळाली. नंतर अ‍ॅट्रोपीन-ऑक्सिम दिलं नाही तर त्याचा उपयोग नाही.

माणसांवर चाचणी कशी करणार?

नर्व्ह एजंट देऊन चाचणी करणं अशक्यच. अमेरिकेत २००२ पासून अशा औषधांसाठी वेगळा नियम आहे: परिणाम प्राण्यांमध्ये सिद्ध करायचा, सुरक्षितता निरोगी माणसांत. हा मार्ग लांब, खर्चिक आणि शेवटी ग्राहक बहुधा सरकारी साठाच. कंपन्या मागे हटतात यात नवल नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेत मात्र रुग्ण दुर्दैवाने भरपूर असतात, तिथे रीतसर चाचण्या होऊ शकतात. ओपीडीए या जिवाणूजन्य एन्झाइमने उंदीरवर्गीय प्राण्यांना अतिविषारी कीटकनाशकांपासून वाचवल्याचं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. मला विचाराल तर पैसा आणि मेहनत या दिशेला जायला हवी.

जनुकोपचाराने कायमचं संरक्षण मिळेल का?

२०२० मध्ये उंदरांना विषाणूवाहकामार्फत सुधारित पॅराऑक्सोनेजचं जनुक दिलं गेलं. त्यांचं यकृत ते एन्झाइम महिनोन्‌महिने बनवत राहिलं आणि उंदीर नर्व्ह एजंटच्या वारंवार दिलेल्या घातक मात्रांतून वाचले. प्रयोग सुरेख आहे. पण उंदराच्या यकृतातून माणसाकडे येताना असे उपचार बऱ्याचदा अडखळतात, आणि कधीतरी होऊ शकणाऱ्या हल्ल्यासाठी निरोगी माणसाने जनुकोपचार घ्यावा का, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

रक्ततपासणीत कोलिनएस्टरेज कमी आलं. म्हणजे विषबाधा झाली का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. प्लाझ्मातलं कोलिनएस्टरेज यकृताच्या आजारात, गरोदरपणात, कुपोषणात आणि आनुवंशिक कारणांनीही कमी असतं. निरोगी माणसांतही पातळीत मोठा फरक असतो. त्यामुळे कीटकनाशकांशी रोज संबंध येणाऱ्यांची काम सुरू करण्याआधीची पातळी नोंदलेली असेल, तरच नंतरच्या आकड्याला अर्थ येतो. तांबड्या पेशींवरचं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज मज्जातंतूंतल्या स्थितीचा अंदाज जास्त चांगला देतं. लक्षणं स्पष्ट असतील तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता अ‍ॅट्रोपीन सुरू करतात.

माणसाबाहेर या एन्झाइमांचा उपयोग होतो का?

होतो, आणि तिथे ती लवकर यशस्वी झाली. सांडलेलं विष, दूषित पाणी, उपकरणं यांवर एन्झाइम ओतताना प्रतिपिंडांची भीती नसते, अर्धायुकालाची चिंता नसते आणि मिनिटांची शर्यतही नसते. ऑस्ट्रेलियात वर उल्लेखलेल्या ओपीडीएपासून तयार केलेलं लँडगार्ड हे उत्पादन मेंढ्यांना कीटकनाशकात बुडवून काढल्यावर उरणारं पाणी निर्विष करण्यासाठी बाजारात आलं.